नळीने दूध घेणाऱ्या बाळाचे पोट आणि त्यातले जिवाणू: पालकांसाठी मार्गदर्शन

दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाला नळीने दूध का द्यावे लागते, हे बहुतेक पालकांना पहिल्याच दिवशी सांगितले जाते. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे या तीन क्रिया एका लयीत करण्याची क्षमता गर्भवयाच्या साधारण 32 ते 34 आठवड्यांच्या सुमारास येते, आणि त्याआधी तोंडाने दूध पाजले तर ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. म्हणून नाकातून किंवा तोंडातून जठरापर्यंत एक बारीक नळी घालतात आणि दर दोन किंवा तीन तासांनी तिच्यातून मोजून दूध सोडतात. नळीमुळे वजन वाढते, हे पालकांना रोज काट्यावर दिसते. त्याच नळीमुळे बाळाच्या आतड्यात कोणते जिवाणू वस्ती करतात यावरही परिणाम होतो, ही गोष्ट मात्र फारशी बोलली जात नाही. हा परिणाम काय असतो, आणि तो बाळाच्या हिताचा व्हावा यासाठी आईवडिलांनी व बाळाजवळ काम करणाऱ्या परिचारिकांनी काय करावे, ते पुढे सांगितले आहे.

त्याआधी एक गैरसमज दूर करायला हवा. नळी वाईट, म्हणून ती लवकर काढून टाका, असा हट्ट कोणी धरू नये. आतड्यात काहीच गेले नाही तर त्याचे अस्तर पातळ होत जाते, आणि शिरेतून दिले जाणारे पोषण जितके लांबते तितका रक्तात जंतुसंसर्ग होण्याचा धोका वाढतो. त्यामुळे अगदी एक किलोच्या बाळालाही पहिल्या एकदोन दिवसांतच दर किलो वजनामागे दिवसाला 10 ते 20 मिलिलिटर इतके थोडे दूध नळीने सुरू करतात आणि पोटाला झेपेल तसे ते वाढवत नेतात. प्रश्न नळी असावी की नसावी हा नाही. तिच्यातून काय जाते, ते कसे जाते, आणि तिने वगळलेल्या तोंडाची भरपाई कशी करायची, हा आहे.

नळीमुळे नेमके काय बदलते

पूर्ण दिवसांचे, अंगावर पिणारे बाळ आईच्या त्वचेवरचे, स्तनाग्रावरचे आणि दुधातले जिवाणू रोज गिळत असते. आईच्या दुधात सुमारे 200 प्रकारच्या अशा शर्करा असतात ज्या बाळाला स्वतःला पचवता येत नाहीत. लॅक्टोज आणि स्निग्धांश यांच्यानंतर दुधातला सर्वांत मोठा घन घटक हाच असून तो प्रामुख्याने बिफिडोबॅक्टेरियम नावाच्या जिवाणूंचे खाद्य आहे. हे जिवाणू त्या शर्करांपासून आम्ले तयार करतात, त्यामुळे आतड्यातले वातावरण आंबट राहते आणि ई. कोलाय, क्लेब्सिएला यांसारख्या उपद्रवी जिवाणूंना पाय पसरायला जागा कमी मिळते.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाची सुरुवातच निराळी असते. अनेकदा शस्त्रक्रियेने जन्म, लगेच प्रतिजैविके, आईपासून दूर काचेची पेटी, आणि आजूबाजूला रुग्णालयातले जिवाणू. अमेरिकेतील सेंट लुईस येथील संशोधकांनी अशा 58 बाळांच्या शीचे 922 नमुने तपासून 2014 मध्ये दाखवले की, या बाळांच्या आतड्यात आधी स्टॅफिलोकोकस व एन्टरोकोकस यांच्या गटातले, मग ई. कोलाय व क्लेब्सिएला यांच्या गटातले आणि त्यानंतर क्लॉस्ट्रिडिया गटातले जिवाणू वरचढ होतात. आणि हा क्रम किती वेगाने पुढे सरकतो हे मुख्यतः बाळाच्या गर्भवयाच्या आठवड्यांवर अवलंबून असते. म्हणजे जे काही घडते त्याचे सगळे खापर नळीवर फोडता येणार नाही. नळी त्यात आपली भर घालते, आणि ती तीन वाटांनी घालते.

पहिली वाट म्हणजे तोंड वगळले जाते. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी 2015 मध्ये एक सुंदर गोष्ट दाखवली. नवजात बाळाच्या लाळेत काही विशिष्ट द्रव्ये भरपूर असतात, आईच्या दुधात त्यांच्यावर काम करणारे एक एन्झाइम असते, आणि दोन्ही एकत्र आले की अल्प प्रमाणात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होऊन काही घातक जिवाणूंची वाढ रोखली जाते. नळीने जाणाऱ्या दुधाची आणि लाळेची तोंडात गाठच पडत नाही.

दुसरी वाट दुधाच्या प्रवासाची आहे. अंगावर पिणाऱ्या बाळाचे दूध कुठेही थांबत नाही. नळीचे दूध मात्र हातातून वाटीत, वाटीतून बाटलीत, फ्रिजमध्ये, पुन्हा बाहेर, मग सिरिंजमध्ये असे फिरते आणि प्रत्येक ठिकाणी त्यात नवे जिवाणू शिरण्याची व वाढण्याची संधी असते.

तिसरी वाट नळी स्वतः. दूध उतरून गेल्यावर नळीच्या आतल्या बाजूला प्रथिने व स्निग्धांशाचा पातळ थर राहतो. बाहेर पेटीची ऊब आणि आत शरीराची. अशा जागी जिवाणू चिकट थर करून राहतात आणि पुढचे दूध जाताना त्यातले काही सुटून त्याच्याबरोबर पोटात उतरतात. दर वेळी ताज्या दुधाला नळीतले विरजण लागते, असे म्हटले तर चूक होणार नाही. शिवाय या बाळांच्या जठरातले आम्ल सौम्य असल्यामुळे तिथेही हे जिवाणू पुरेसे मरत नाहीत. ब्रिटनमध्ये 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन नवजात अतिदक्षता विभागांतील 129 नळ्या तपासल्या, तेव्हा 76 टक्के नळ्यांमध्ये जिवाणू सापडले. त्यांत सेरेशिया, एन्टरोबॅक्टर, ई. कोलाय, क्लेब्सिएला होते, त्यांतले काही नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद न देणारे होते, आणि ज्यांना तोंडाने वा नळीने काहीच दिले जात नव्हते अशा बाळांच्या नळ्याही त्यातून सुटल्या नव्हत्या. डेन्मार्कमधील 2016 च्या अभ्यासात तर एका दिवसापूर्वी घातलेल्या नळीतही जिवाणूंची संख्या मोठी आढळली.

या आकड्यांनी घाबरून जाण्याचे कारण नाही. नळीत आणि शीत एकच जिवाणू सापडला तरी तो नळीतून पोटात गेला की पोटातून व घशातून नळीत चढला, हे त्यावरून सिद्ध होत नाही. दोन्ही दिशांनी ये-जा चालू असते. अशी नळी असलेली असंख्य बाळे सुखरूप घरी जातात. तरीही, ज्या वस्तूतून दिवसाला आठ ते बारा वेळा दूध जाते ती वस्तू निर्जंतुक आहे असे गृहीत धरून वागणे योग्य नाही.

दूध कोणते आणि ते कसे गोळा करावे

सगळ्यांत मोठा फरक पडतो तो दुधाच्या निवडीने. आईचे स्वतःचे, ताजे दूध हे पहिले. त्यात बिफिडोबॅक्टेरियमचे खाद्य आहे, रोगप्रतिकारक प्रथिने आहेत, जिवंत पेशी आहेत आणि आईचे स्वतःचे जिवाणूही आहेत. नळीच्या तिन्ही वाटांवरचा सर्वांत मोठा उतारा हाच आहे.

बाळ पेटीत असले तरी प्रसूतीनंतर पहिल्या काही तासांतच हाताने दूध काढायला सुरुवात करावी. शस्त्रक्रिया झाली असेल तर सिस्टरची किंवा घरच्या बाईमाणसाची मदत घ्यावी. हात स्वच्छ धुवावेत. स्तन दर वेळी साबणाने धुण्याची गरज नाही, कारण त्याने त्वचा कोरडी होऊन चिरा पडतात. अंगठा वर आणि बोटे खाली, स्तनाग्राभोवतीच्या काळ्या वर्तुळाच्या किंचित मागे ठेवून आधी छातीच्या दिशेने दाबावे आणि मग बोटे एकमेकांकडे आणावीत. त्वचेवरून बोटे घासत नेऊ नयेत. पहिल्या दिवशी चिकाचे दूध थेंबाथेंबानेच येते. ते वाटीत काढले तर वाटीलाच लागून राहते, म्हणून स्तनाग्रावर आलेला पिवळसर थेंब मदतनिसाने एक मिलिलिटरच्या स्वच्छ सिरिंजने थेट ओढून घ्यावा. चार थेंब निघाले म्हणून कोणी हिणवले तर त्याकडे दुर्लक्ष करावे. या बाळाला त्या दिवशी लागणारे दूधही थेंबांतच मोजले जाते. दिवसरात्र मिळून किमान आठ वेळा दूध काढावे, त्यातली एक वेळ रात्रीची असावी, कारण दूध तयार करणाऱ्या प्रोलॅक्टिनची पातळी रात्री अधिक असते. रात्रीची वेळ चुकत गेली की दुसऱ्या आठवड्यात दूध आटत गेल्याची तक्रार येते, हे बहुतेक विभागांतल्या सिस्टर सांगतील.

काढलेले दूध झाकण असलेल्या, उकळून वाळवलेल्या भांड्यात ठेवून त्यावर बाळाचे नाव, तारीख आणि वेळ लिहावी. खोलीच्या तापमानाला ते साधारण चार तासांच्या आत वापरावे. एप्रिल-मेच्या उकाड्यात, विशेषतः विदर्भात किंवा मराठवाड्यात, चार तासांची वाट पाहू नये. लगेच लागणार नसेल तर फ्रिजच्या आतल्या बाजूला ठेवावे, दारात ठेवू नये. किती तास चालेल, हा त्या विभागाचा नियम पाळावा; तो साधारण 24 ते 48 तासांचा असतो. घरून दूध आणायचे असल्यास बर्फाच्या पिशव्या घातलेल्या डब्यातून आणावे. वापरताना आधी चिकाचे दूध, मग ताजे, आणि शेवटी गोठवलेले, असा क्रम ठेवावा. गोठवण्याने दुधातल्या जिवंत पेशी मरतात.

आईचे दूध पुरेसे नसेल तर दुसरा पर्याय दुग्धपेढीतल्या दुधाचा. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये सुरू केलेली दुग्धपेढी आशियातली पहिली मानली जाते, आणि आता राज्यातल्या इतरही मोठ्या रुग्णालयांत अशी सोय आहे. आपल्या विभागात ती आहे का, हे विचारून घ्यावे. पेढीतले दूध 62.5 अंश सेल्सिअसवर 30 मिनिटे तापवलेले असते. त्यामुळे घातक जंतू मरतात, तसे उपयोगी जिवाणू आणि पेशीही मरतात. पण बिफिडोबॅक्टेरियमचे खाद्य असलेल्या शर्करा टिकतात. म्हणून पेढीचे दूध चालू असले तरी आईने स्वतःचे जितके निघेल तितके काढत राहावे आणि ते रोज थोडे तरी बाळाला मिळेल असे पाहावे.

डब्याची पावडर हा शेवटचा पर्याय आहे. पेढीच्या दुधाच्या तुलनेत पावडरच्या दुधावर असलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांत आतड्याचा एनईसी हा गंभीर आजार जवळपास दुपटीने आढळतो. शिवाय पावडर निर्जंतुक नसते. तिच्यात क्रोनोबॅक्टर हा जिवाणू असू शकतो. म्हणून ती देण्याची वेळ आलीच तर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेप्रमाणे 70 अंशांपेक्षा थंड नसलेल्या पाण्यात कालवावी, मग झटपट निववावी आणि लगेच वापरावी. कोमट पाण्यात पावडर ढवळून तासभर ठेवणे ही जिवाणूंना दिलेली पंगत आहे.

दूध दर किलोमागे दिवसाला 100 मिलिलिटरच्या आसपास पोहोचले की डॉक्टर बहुधा आईच्या दुधात पोषणवर्धक पूड मिसळायला सांगतात. ‘आईचे दूध शुद्ध असताना त्यात पावडर कशाला,’ असा आजीचा प्रश्न ठरलेला असतो. अगदी लहान बाळाच्या हाडांना व वाढीला लागणारे प्रथिन, कॅल्शियम आणि फॉस्फरस नुसत्या दुधातून पुरत नाही, हे तिला समजावून सांगावे. जिवाणूंच्या बाजूने काळजी इतकीच की पूड दूध देण्याच्या वेळीच मिसळावी. सकाळीच मिसळून दिवसभराचे दूध तयार ठेवू नये.

नळीने दूध देताना

अनेक सरकारी विशेष नवजात कक्षांमध्ये सिस्टरच्या देखरेखीखाली आईच नळीने दूध देते. ही पद्धत मला फार योग्य वाटते, कारण आई एका बाळाकडे पाहते आणि सिस्टरला एका वेळी कितीतरी बाळांकडे पाहावे लागते. मात्र नळी घालणे आणि ती जठरातच आहे याची खात्री करणे हे प्रशिक्षित माणसाचेच काम आहे. नळी किती आत घालायची हे नाकाच्या टोकापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तिथून छातीच्या हाडाचे खालचे टोक व बेंबी यांच्या मध्यापर्यंत मोजून ठरवतात आणि त्या जागी खूण करतात. ती खूण दूध देण्यापूर्वी दर वेळी पाहावी. ती सरकलेली दिसली तर दूध न देता सिस्टरला बोलवावे.

बांगड्या, अंगठी, मनगटावरचा दोरा काढून कोपरापर्यंत हात साबणाने 40 ते 60 सेकंद धुवावेत आणि हवेतच सुकू द्यावेत. ओढणीला किंवा पदराला पुसले तर धुतलेले वाया जाते. दुधाचे भांडे कोमट पाण्याच्या वाटीत ठेवून दूध शरीराच्या तापमानाला आणावे. मायक्रोवेव्ह वापरू नये. दूध द्यायची सिरिंज ताजी, वेष्टनातली असावी.

आता नळीच्या बाहेरच्या टोकाकडे नीट पाहावे. नळीच्या तोंडाशी, जिथे सिरिंज बसते तिथे, एक छोटी वाटीसारखी जागा असते आणि तिला दोरीसारख्या पट्टीने जोडलेले टोपण असते. सगळ्या नळीतली सर्वांत अस्वच्छ राहणारी जागा हीच. आदल्या वेळच्या दुधाचा एखादा थेंब इथे साचतो, वाळून त्याची पांढरट-पिवळी कड तयार होते. टोपण उघडे राहिले तर ते बाळाच्या लंगोटावर, चादरीवर, कधी पेटीच्या काठावर लोळत असते. पिट्सबर्गमधील एका नवजात विभागात केलेल्या आणि 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खोलीतल्या पृष्ठभागांवर आणि नळ्यांवर तेच जिवाणू सापडले होते जे तिथल्या बाळांच्या आतड्यात होते. प्रोबायोटिकच्या, म्हणजे उपयोगी जिवाणू असलेल्या औषधाच्या, थेंबांवर पालक व डॉक्टर जितका वेळ बोलतात त्याच्या दहाव्या हिश्श्यानेही कोणी या टोपणाबद्दल बोलत नाही. टोपण उघडल्यावर त्याची आतली बाजू कशाला टेकू देऊ नये, तोंडाशी साचलेले दूध विभागाच्या पद्धतीप्रमाणे पुसून घ्यावे, आणि दूध संपताच टोपण घट्ट लावावे. कड धरलेली दिसली तर ती नखाने खरवडू नये. नळी बदलायची वेळ झाली का, हे सिस्टरला विचारावे.

सिरिंजचा दट्ट्या काढून नुसती नळकांडी नळीला जोडावी, तिच्यात दूध ओतावे आणि ती बाळापेक्षा वीतभर उंच धरावी. दूध आपल्या भाराने उतरू द्यावे. 10 ते 20 मिनिटे लागली तरी चालतील. दट्ट्याने ढकललेले दूध जठर एकदम ताणते, ते उलटून वर येऊ शकते आणि नळीच्या भिंतीवरचा थरही त्यासोबत सुटतो. उंची कमीजास्त करून वेग राखावा. शेवटी नळीत दूध तसेच राहू देऊ नये. ते खाली उतरवण्यासाठी अर्धा-एक मिलिलिटर हवा द्यायची की आणखी काही करायचे, ही पद्धत विभाग ठरवतो.

पंपाने थेंबथेंब सतत दूध चालू असेल तर दोन गोष्टींकडे लक्ष ठेवावे. दूध आणि जोडनळी चार तासांपेक्षा जास्त लटकत राहू नये, आणि सिरिंजचे टोक वरच्या बाजूला असावे. दुधातली साय वर तरंगते, आणि टोक खाली असले तर सर्वांत पौष्टिक भाग सिरिंजमध्येच राहून जातो.

दूध देण्यापूर्वी दर वेळी जठरातले उरलेले दूध ओढून पाहण्याची प्रथा अनेक ठिकाणी होती. आता ती मागे पडत आहे, आणि ते बरेच झाले. ओढताना जठरातले जिवाणू नळीच्या तोंडापर्यंत येतात, आणि ओढलेले फेकून दिले तर त्यातले आम्ल व पाचक रसही जातात. अमेरिकेत 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ज्या बाळांचे असे नित्य ओढून पाहिले जात नव्हते त्यांना दूध अधिक मिळाले आणि ती लवकर घरी गेली. पोट फुगले असेल किंवा उलटी झाली असेल तर मात्र डॉक्टर तपासतीलच.

नळी किती दिवसांनी बदलावी, यावर एकमत नाही. साध्या पीव्हीसीच्या नळ्या काही दिवसांत कडक होतात, म्हणून त्या साधारण तीन दिवसांत बदलतात. पॉलियुरेथेनच्या नळ्या जास्त काळ ठेवता येतात. रोज बदला, असा आग्रह पालकांनी धरू नये. डेन्मार्कच्या अभ्यासाने दाखवल्याप्रमाणे एक दिवसाची नळीही निर्जंतुक नसते, आणि प्रत्येक वेळी नळी घालताना बाळाला दुखते, कधी हृदयाचे ठोके मंदावतात. नळीवर घातल्याची तारीख चिकटवलेली आहे का आणि ती उलटून गेली आहे का, एवढे मात्र पाहावे. निघालेली नळी धुऊन पुन्हा कधीही वापरू नये.

तोंडाला आणि त्वचेला वगळू नये

नळीने तोंड वगळले म्हणून ते कोरडेच ठेवावे असे नाही. डॉक्टरांची परवानगी घेऊन पहिल्या दिवसांत चिकाच्या दुधाचे अगदी थोडे थेंब, साधारण 0.1 मिलिलिटर, प्रत्येक गालाच्या आतल्या बाजूला दर दोन ते चार तासांनी लावता येतात. बाळ व्हेंटिलेटरवर असले किंवा त्याचे दूध बंद असले तरीही बहुतेक वेळा हे करता येते. सिरिंजचे टोक ओठाच्या कोपऱ्यातून गालाकडे वळवून एक एक थेंब सोडावा आणि स्वच्छ बोटाने किंवा कापसाच्या काडीने गालाच्या आत हलकेच पसरवावा. जिभेच्या मागे सोडू नये. याने एनईसी टळतो असे सिद्ध झालेले नाही. पण उपाय निर्धोक आहे, खर्च शून्य आहे, आणि ज्या आईला बाळाला उचलताही येत नाही तिच्या हातून काहीतरी घडते. पुढे बाळ स्थिर झाले की नळीने दूध चालू असताना दूध काढून घेतलेल्या स्तनाला बाळाला लावावे. ते दोनच वेळा चोखेल आणि झोपेल. तरी लाळ, दूध आणि आईची त्वचा यांची गाठ पडते आणि पुढे अंगावर पिण्याचा सराव होतो.

कांगारू पद्धतीने बाळाला उघड्या छातीशी घेणे हा रुग्णालयातल्या जिवाणूंऐवजी घरच्या माणसांचे जिवाणू बाळाला मिळण्याचा सरळ मार्ग आहे. त्याने आईचे दूधही वाढते. दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयासह पाच देशांत झालेल्या आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 1 ते 1.8 किलोच्या बाळांना जन्मानंतर लगेच छातीशी घेतल्याने मृत्यू 25 टक्क्यांनी कमी झाले, आणि 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला 8 ते 24 तास हे करावे अशी शिफारस केली. नळी असतानाही हे करता येते. नळीने दूधही छातीवर असतानाच देता येते. आई अजून वॉर्डात असेल तर बाबांनी बसावे. त्या दिवशी आंघोळ केलेली असावी, छातीवर पावडर, अत्तर किंवा बाम लावू नये, आणि सर्दी-खोकला वा त्वचेवर गळू असेल तर बसू नये.

औषधांबद्दल काय विचारावे

प्रतिजैविके जंतुसंसर्गात प्राण वाचवतात, पण ती चांगल्या जिवाणूंनाही मारतात. रक्ताच्या कल्चर तपासणीत जंतू सापडले नाहीत आणि बाळ ठीक असले तर ती कधी थांबवणार, हा प्रश्न पालकांनी नम्रपणे पण जरूर विचारावा. सुरुवातीचा कोर्स विनाकारण पाच दिवसांच्या पुढे लांबलेल्या अगदी लहान बाळांमध्ये एनईसी व मृत्यू अधिक आढळले आहेत. जठरातले आम्ल कमी करणाऱ्या औषधांचेही तसेच आहे: आधीच सौम्य असलेला पहारा ती आणखी ढिला करतात. दूध वर येते एवढ्याच कारणासाठी ती मागून घेऊ नयेत.

प्रोबायोटिकबद्दल विशेष सावध राहावे. ओडिशाच्या खेड्यांत 4,556 नवजात बाळांवर झालेल्या आणि 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका प्रोबायोटिकने जंतुदोष व मृत्यू मिळून 40 टक्क्यांनी कमी झाले, ही बातमी अनेकांनी वाचलेली असते. ती बाळे दोन किलो वा त्याहून अधिक वजनाची आणि जवळपास पूर्ण दिवसांची होती. एक किलोच्या बाळाला तो निष्कर्ष तसाच लावता येत नाही. आईचे दूध घेणाऱ्या, 32 आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळांना प्रोबायोटिक देण्याचा विचार करता येईल, असे जागतिक आरोग्य संघटना म्हणते; तर एका बाळाच्या मृत्यूनंतर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2023 मध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळांत त्यांच्या वापराबद्दल इशारा दिला, कारण त्यातलाच जिवाणू रक्तात शिरू शकतो. म्हणून औषधाच्या दुकानातून आणलेली पुडी नळीतून कधीही देऊ नये. डॉक्टरांनी दिलीच, तर ती शिरेच्या नळ्यांपासून दूर, वेगळ्या टेबलावर उघडावी आणि नंतर हात पुन्हा धुवावेत.

या खुणा दिसल्या तर थांबू नये

एनईसी बहुधा पहिल्या आठवड्यानंतर, अनेकदा दूध बऱ्यापैकी वाढलेले असताना होतो, म्हणजे पालक निर्धास्त होऊ लागतात तेव्हा. पोट फुगून टणक किंवा चकचकीत होणे, हिरवी उलटी किंवा नळीतून हिरवे पाणी येणे, शीतून रक्त, बाळ अचानक निस्तेज होणे, श्वास थांबून थांबून चालणे, यांपैकी काहीही दिसले तर पुढचे दूध न देता त्याच क्षणी सिस्टरला सांगावे. पुढच्या राउंडची वाट पाहू नये. रोज एकाच वेळी पोटाकडे पाहण्याची सवय असली की फरक लवकर कळतो.

नळी निघताना आणि घरी

32 ते 34 आठवड्यांच्या सुमारास काही वेळा अंगावर, काही वेळा बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने आणि उरलेले नळीने, असा मिश्र क्रम सुरू होतो. बाटली आणू नये. तिचे निपल नीट स्वच्छ होत नाही आणि अंगावर पिण्याची सवय मोडते. बोंडले आणि चमचे दर वेळी साबणाने धुऊन दिवसातून किमान एकदा उकळावेत. बोंडल्याच्या चोचीत दूध वाळून राहते, तिथे बारीक ब्रश फिरवावा.

घरी आल्यावर बारशाच्या आधीपासून मध, जन्मघुटी, बाळगुटी, साखरपाणी आणि ग्राइप वॉटर पुढे येऊ लागते. बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत आईचे दूध आणि डॉक्टरांनी लिहून दिलेले थेंब याखेरीज काही देऊ नये, आणि मध तर वर्षभर देऊ नये, कारण त्यातल्या बीजाणूंमुळे बोट्युलिझम होऊ शकतो. सहाणेवर उगाळलेली मात्रा ज्या पाण्यात उगाळली जाते ते पाणी, ती सहाण आणि ते बोट, सगळेच जिवाणू घेऊन येते. आशाताई घरी येतील तेव्हा त्यांच्यासमोरच हे बोलून घ्यावे. आजी त्यांचे बहुधा ऐकतात. घरी आल्यावरही हिरवी उलटी, फुगलेले पोट किंवा शीत रक्त दिसले तर जवळच्या दवाखान्यात वेळ न घालवता 108 ला फोन करून नवजात कक्ष असलेल्या रुग्णालयातच न्यावे आणि डिस्चार्ज कार्ड सोबत ठेवावे. त्यावर बाळाचे जन्माचे आठवडे, वजन आणि दिलेली प्रतिजैविके लिहिलेली असतात आणि डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.